दगडावरची पाटी

नांदेडहून कंधारला सहल न्यायची म्हटले की आमच्या उर्दू शाळेत कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी एस.टी.ने निघायचे, हजरत हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यात फातेहा पढायचा, झाडाच्या सावलीत डबे उघडायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी. किल्ला वाटेतच असतो. दोन-चार मुले खंदकात खडे टाकतात, बाकीची पुढे निघून जातात. विद्यार्थी असताना आम्हीही हेच केले आणि शिक्षक झाल्यावर काही वर्षे हेच करीत आलो.

एका वर्षी परतीच्या गाडीला उशीर होता म्हणून मुलांना किल्ल्याच्या आत नेले. ओरडू नका, तटावर चढू नका, एवढ्या सूचना दिल्या आणि आम्ही एका कमानीखाली टेकलो. थोड्या वेळाने सातवीतला एक मुलगा धावत आला. "सर, उधर दीवार पे अपने हुरूफ हैं!" जाऊन पाहिले. काळ्या दगडावर कोरलेला कतबा होता. शिलालेखाला आम्ही उर्दूत कतबा म्हणतो. मुलाने बोट हवेत फिरवीत 'सुलतान' हा शब्द लावला, नंतर 'बिन' लावला आणि पुढे अडला. अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर चढली होती. तेवढ्यात किल्ला पाहायला आलेल्या एका कुटुंबातील बाईंनी विचारले, "काय लिहिलंय हो सर त्याच्यावर?"

आम्ही बी.एड. झालेले, रोज फळ्यावर हीच लिपी लिहिणारे. "फारसी आहे," एवढेच म्हणालो. बाईंनी मान हलवली आणि त्या पुढे गेल्या. मुले मात्र आमच्या तोंडाकडे पाहात उभी होती. या लेखाचे मूळ त्या क्षणात आहे.

हा सल मनात असतानाच एका मे महिन्यात शिक्षकमित्रांबरोबर गोव्याला जाणे झाले. पणजीसमोर मांडवीच्या पलीकडच्या काठावर वेरे नावाचे गाव आहे. तिथे टेकडीवर जांभ्या दगडाचा एक किल्ला आहे, रेइश मागूश. समुद्रकिनारे पाहून कंटाळलेल्या मित्रांनी नाइलाजाने तिकीट काढले आणि मग दोन तास तिथून कोणी हलेना.

या किल्ल्याचा इतिहास सांगताना सुरुवात 1493 पासून करतात. त्या वर्षी विजापूरच्या आदिलशाहीने नदीच्या तोंडावर नजर ठेवण्यासाठी या टेकडीवर चौकी बसवली. 1510 मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला आणि 1551 मध्ये पोर्तुगीजांनी त्या जागी किल्ला बांधला. 1707 मध्ये तो मोठा केला गेला. लिस्बनहून येणारा व्हाइसरॉय राजधानीत पाऊल ठेवण्याआधी इथे मुक्कामाला असे. 1739 मध्ये मराठ्यांनी बारदेश घेतला, तरी हा किल्ला आणि आग्वाद तेवढे त्यांच्या हाती लागले नाहीत. 1798 ते 1813 या काळात इंग्रज फौज इथे होती. नंतर तुरुंग झाला आणि गोवा मुक्त झाल्यावरही, थेट 1993 पर्यंत, तो तुरुंगच राहिला. कैदी गेले आणि इमारत ओसाड पडली. 2008 पासून हेलन हॅम्लिन ट्रस्ट, इंटॅक आणि गोवा सरकार यांनी मिळून वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांच्याकडून तिची दुरुस्ती करवून घेतली आणि 2012 च्या जूनमध्ये किल्ला लोकांसाठी उघडला.

आज त्या खोल्यांत मारियो मिरांडा यांची रेखाचित्रे आहेत. बसमधली गर्दी, मासळीबाजार, लग्नाच्या मिरवणुकी. एका दालनात गोवा मुक्तीसंग्रामातील सैनिकांची माहिती आहे. वेढा घालणाऱ्यावर उकळते तेल ओतण्यासाठी ठेवलेले छिद्र तसेच राखले आहे. त्याच्या काठावर उभे राहून लहान मुले खाली डोकावतात आणि आया त्यांना मागे ओढतात. तटावरून नदीपलीकडे पणजीतला आदिलशाह पॅलेस दिसतो. युसुफ आदिलशाहाचा हा वाडा पोर्तुगीजांचे सचिवालय झाला, पुढे गोव्याची विधानसभा झाला आणि आता तिथेही कलाप्रदर्शने भरतात. नदीच्या दोन काठांवरच्या या दोन वास्तूंचे मूळ एकाच विजापुरी सत्तेत आहे. आमच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते.

मित्रांना मारियोची चित्रे फार आवडली. आम्हालाही आवडली. पण टेकडी उतरताना मनात आले, या चित्रांचा या किल्ल्याशी संबंध काय? ती मुंबईतल्या एखाद्या दालनात लावली असती तरी तितकीच शोभली असती. ओसाड किल्ल्याला छप्पर मिळाले, माणसांची ये-जा सुरू झाली, हे मोठेच काम. ज्या दारातून माणसे बेड्या घालून आत जात, त्या दारातून आता शाळेची पोरे हसत आत जातात, याहून चांगले काय असणार? तरीही किल्ला म्हणजे चित्रे टांगण्याच्या भिंती नव्हेत. आमच्या मराठवाड्यातील किल्ल्यांना तर बाहेरून काही आणून टांगण्याची गरजच नाही. तिथे जे आहे तेच वाचून दाखवणारा कोणी नाही, अडचण एवढीच आहे.

टेकडीवरचा किल्ला म्हटल्यावर आमच्या जिल्ह्यात पहिले नाव माहूरचे. रेणुकामातेच्या दर्शनाला लाखो लोक येतात. दत्तशिखर आहे, अनसूयेचे शिखर आहे, आणि आमच्या लोकांसाठी सोनापीरांचा दर्गा आहे. गडाला तीन बाजूंनी पैनगंगेचा वळसा. गावात राज्य पुरातत्त्व विभागाचे एक लहानसे वस्तुसंग्रहालयही आहे. म्हणजे देव, पीर, गड आणि संग्रहालय, सगळे एका जागी. यात्रेकरूंच्या गर्दीतले किती जण त्या संग्रहालयापर्यंत जातात, हे मात्र तिथल्या पहारेकऱ्यालाच विचारावे.

या माहूरला बहमनी राजवटीत एका प्रांताचे ठाणे केले होते, हे आम्ही डी.एड. आणि बी.एड. दोन्ही करूनही कुठे वाचले नव्हते. बहमनी राज्याचे आधी चार तरफ होते. वजीर महमूद गावानने त्यांचे आठ केले. कोणताही सुभेदार फार बळजोर होऊ नये, असा त्यात हिशोब होता. वऱ्हाडचे दोन भाग झाले: एकाचे ठाणे गाविलगड, दुसऱ्याचे माहूर. (ज्यांचे अधिकार यात कमी झाले त्यांनीच पुढे बनावट पत्र रचून गावानचा काटा काढला. 1481 मध्ये सुलतानाने त्याला ठार करविले आणि राज्य त्यानंतर फार काळ टिकले नाही.) माहूरचा सुभेदार होता खुदावंद खान हबशी. आफ्रिकेतून दख्खनमध्ये आलेल्या हबशी लोकांत मलिक अंबरचे नाव सर्वांना माहीत असते. अंबरच्या शंभर वर्षे आधी आमच्या जिल्ह्यातल्या गडावर एक हबशी सरदार प्रांत सांभाळीत होता, हे कोण सांगतो?

1623 मध्ये बापाविरुद्ध बंड केलेला शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बुऱ्हाणपूर सोडून गोवळकोंड्याकडे पळाला तो माहूरवरून. जड सामान त्याने याच गडावर ठेवले. आणि माहूरचीच ती रायबाघन. देशमुख राजे उदाराम यांच्या घराण्यातली सावित्रीबाई. मोगलांनी तिला हा किताब दिला. 1661 च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, तेव्हा ती त्या फौजेत सरदार म्हणून हजर होती आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला असे सांगतात. आता ही माहूरची ब्राह्मण बाई, मोगलांची सरदार, मराठ्यांशी लढायला गेलेली. तिला कोणत्या खान्यात बसवायचे? आम्ही वर्गात हा प्रश्न विचारला. मुले गप्प बसली. मग एक मुलगी म्हणाली, "सर, वो माहूर की थी ना? तो माहूर के खाने में." आम्हाला यापेक्षा नीट उत्तर सुचलेले नाही.

आता कंधारकडे वळू. कंधारचा किल्ला टेकडीवर नाही, भुईकोट आहे, पण प्रदर्शन म्हणावे असे जे काही आमच्या भागात आहे ते सर्वांत जास्त इथे आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याशी या गावाचे नाव जोडलेले आहे. म्हणजे गोष्ट दहाव्या शतकातली. त्या काळचा संस्कृत शिलालेख इथे सापडला आहे. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुटलेले अवशेष इथे आहेत. दगडी पाऊलच एवढे की बाकीची मूर्ती डोळ्यांपुढे आणताना मान वर करावी लागते. मुले त्या पावलाशेजारी आपले पाऊल ठेवून पाहतात. राष्ट्रकूटांनंतर अनेक हात बदलत किल्ला बहमनींकडे, निजामशाहीकडे, मोगलांकडे आणि शेवटी हैदराबादच्या निजामाकडे आला. प्रत्येकाने काही बांधले, काही पाडले आणि बहुतेकांनी दगडावर आपले नाव लिहून ठेवले. किल्ल्याला पाटी नाही असे आपण म्हणतो. पाट्या कोरूनच ठेवल्या आहेत, आपल्याला त्या वाचता येत नाहीत.

त्या वाचणारा एक माणूस होऊन गेला. गुलाम यझदानी. 1914 मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढले, तेव्हा ते त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याची चित्रे आणि बिदरच्या वास्तू यांवरच्या त्यांच्या ग्रंथांनी त्यांचे नाव जगभर गेले. पण त्याआधी त्यांनी आमच्या कंधारच्या किल्ल्यातले फारसी-अरबी लेख वाचून इंग्रजीत छापले होते. त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या जन्माच्या किती तरी आधी छापलेले होते. ते मराठीत आले नाही, आणि लाजेची गोष्ट म्हणजे आमच्या शाळेच्या उर्दूतही आले नाही.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा तर आम्ही थक्क झालो. शाहजहानच्या कारकिर्दीची हकीकत सांगणारा 'पादशाहनामा' प्रसिद्ध आहे. त्याची चित्रांनी सजवलेली शाही प्रत अठराव्या शतकाच्या अखेरीस अवधच्या नवाबाकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि आजही विंडसरच्या राजग्रंथालयात आहे. त्यात मे 1631 मधील कंधारच्या वेढ्याचे पानभर चित्र आहे. ते पयाग नावाच्या हिंदू चित्रकाराचे मानतात. हे कंधार अफगाणिस्तानातले नव्हे; दख्खनचे, आपले. फारसीत दोन्ही नावे एकाच अक्षरांत लिहितात, त्यामुळे घोटाळा होतो. आमची मुलेही भूगोलाच्या तासाला अफगाणिस्तानच्या नकाशात हाजी सय्याहांचा दर्गा शोधतात! तर त्या वर्षी मोगल सरदार नसीरी खानाने सुरुंग लावून निजामशाहीचा हा किल्ला घेतला. 1997 मध्ये 'पादशाहनाम्या'ची ही चित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात लोकांसाठी मांडली होती. आमचा किल्ला विंडसरला जपून ठेवलेला, दिल्लीत मिरवलेला. आणि कंधारच्या खंदकाशी मात्र आम्ही डबे उघडून बसलेलो.

लातूरकडच्या किल्ल्यांचे थोडक्यात सांगतो, कारण आमचे आजोळ औशाचे असल्याने लिहू लागलो तर थांबणे कठीण. याच नसीरी खानाने पुढे खान-ए-दौरान हा किताब मिळवून 1636 मध्ये उदगीर आणि औसा घेतले. उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह, हबशी. औशाचा किल्लेदार हिंदू. मुसलमान सुलतानाचा किल्ला हिंदू किल्लेदार मुसलमान बादशहाच्या फौजेविरुद्ध लढवतो आहे, ही औशाची गोष्ट. उदगीरच्या किल्ल्यात उदयगीर महाराजांची समाधी आहे, तिच्यावरूनच गावाचे नाव पडले असे सांगतात. 3 फेब्रुवारी 1760 ची सदाशिवरावभाऊंची निजामावरची फत्तेही उदगीरचीच. तिच्यात मिळालेला मुलूख वर्षाला सुमारे साठ लाखांचा होता, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झाले. 2022 मध्ये उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा हजारो माणसे गावात होती. त्यांना किल्ला दाखवणारा, त्यावरचे लेख वाचून सांगणारा एखादा उर्दू शिक्षक उभा करता आला असता. कोणाच्या डोक्यात आले नाही, आमच्याही नाही.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. मराठवाड्यातला एकही नाही. ती यादी मराठा लष्करी व्यवस्थेची होती, तेव्हा तक्रार करण्याचे कारण नाही. पण त्या यादीतले पन्हाळा आणि जिंजी पाहिले तर तिथेही आदिलशाही बांधकाम आहे आणि फारसी लेखही आहेत. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाखालून जाणाऱ्या माणसाला डोक्यावरचे अक्षर वाचता आले तर शिवरायांच्या पराक्रमाला काही उणेपणा येतो का? आम्हाला तर उलट वाटते. कोणाकडून काय घेतले हे कळल्याशिवाय घेण्याची किंमत कशी कळणार?

आता जरा अवघड विषय. आमच्या लोकांनी ही लिपी वाचणे का सोडले? आमचे आजोबा निजामाच्या शाळेत शिकले. सादीच्या हिकायती त्यांना पाठ होत्या. 1948 च्या सप्टेंबरात पोलिस अॅक्शन झाली, आणि रझाकारांनी जे केले त्याचा हिशोब कित्येक निरपराध घरांना चुकवावा लागला. कासिम रझवी लातूरचा वकील. त्याचे नाव निघाले की औशातल्या आमच्या आजोळी आजही आवाज खाली येतो. त्या दिवसांनंतर आजोबांनी फारसी पुस्तके पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. कोणी मनाई केली नव्हती. भीती होती आणि थोडी शरमही. ती पोती पावसात भिजली, वाळवीने खाल्ली. वालिदसाहेब मराठी शाळेत गेले, आम्ही पुन्हा उर्दू शाळेत. पण फारसी मध्येच तुटली ती तुटलीच. किल्ल्यातला कतबा आणि आमचा सातवीतला मुलगा यांच्यामध्ये ते पोते पडलेले आहे.

दुसऱ्या बाजूने आमची एक खोडही सांगितली पाहिजे. काही मंडळी किल्ला पाहून छाती फुगवतात: "आपली हुकूमत होती." कोणाची हुकूमत? मोगलांनी निजामशाहीचा किल्ला उडवला, त्यात 'आपले' कोण? तटाचे दगड वाहणारे पाथरवट, बेलदार, भोई यांत हिंदू होते, मुसलमान होते, आणि आमचे पूर्वज असतील तर ते सिंहासनावर असण्यापेक्षा त्या पाथरवटांत असण्याची शक्यता जास्त. हे मुलांना सांगितले की ती हिरमुसतात. पण सांगावे लागते.

2023 मध्ये एक गंमत झाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या तहसिलांतून निजामकाळचे दप्तर बाहेर निघाले. त्यात मोडी होती आणि उर्दूही. ते वाचणारी माणसे पाहिजेत, अशी शोधाशोध सुरू झाली. ज्या लिपीकडे लोक संशयाने पाहात होते, तिच्या वाचकाला लोक खुर्ची देऊन चहा पाजू लागले. आमच्या ओळखीचे एक निवृत्त उर्दू शिक्षक महिनाभर अशा कागदांवर बसून होते. ते म्हणाले, "अरे, एका म्हाताऱ्याला त्याच्या पणजोबाचे नाव वाचून दाखवले, तर त्याने माझे हातच धरले." किल्ल्यातल्या दगडांचे काम यापेक्षा वेगळे नाही. फक्त त्यांच्या नोंदीवर कोणाचा दाखला अडलेला नाही, म्हणून कोणाला घाई नाही.

आम्ही आमच्यापुरते लहानसे काम सुरू केले आहे. एका मौलवीसाहेबांकडे आठवड्यातून दोनदा फारसी शिकायला बसतो. वय तिशी ओलांडलेले, त्यामुळे व्याकरण लवकर डोक्यात जात नाही. वर्गात मुलांना अबजद शिकवतो. अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, दालचे चार. 786 सर्वांना ठाऊक असते, पण तो आकडा बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज आहे असे कळले की मुलांना हिशोबाची गोडी लागते. मग आपापल्या नावाचा आकडा काढायची चढाओढ. जुने लोक इमारतीची तारीख अशीच एखाद्या वाक्यात लपवीत. हिजरी सनावरून इसवी सन काढायची सोपी रीतही शिकवली: सनाला 0.97 ने गुणा, 622 मिळवा. 1040 घेतले की 1630.8 येते. कंधारचा वेढा हिजरी 1040 च्या शव्वालमध्ये संपला, म्हणजे 1631 चा मे. गणिताचे शिक्षक म्हणाले, दशांश गुणाकार पोरांना पहिल्यांदाच इतका नीट आला.

यंदा शाळेच्या व्हरांड्यात मुलांनी प्रदर्शन मांडले. कंधार, माहूर, औसा, उदगीर यांचे फोटो, आणि प्रत्येकाखाली उर्दूत आणि मराठीत चिठ्ठी. शुद्धलेखनाच्या चुका दोन्ही भाषांत सारख्याच. शेजारच्या मराठी शाळेची मुले पाहायला आली. त्यांतल्या एकाला क्षेत्रपालाच्या पावलाचा फोटो इतका आवडला की तो पुन्हा पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला. एका पालकाने आम्हाला बाजूला घेतले. "सर, ये सब करके बच्चे को नौकरी लगेगी क्या?" आम्ही तहसिलातल्या चहाची गोष्ट सांगितली. ते हसले, पण पटले असे दिसले नाही. दुसरे एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, जुने कशाला उकरता? उद्या कोणी म्हणेल, निजामाचे पोवाडे गातात." त्यांना रायबाघनची चिठ्ठी वाचायला दिली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली आणि काही न बोलता आमच्या हातात परत दिली.

सातवीतला तो मुलगा आता नववीत आहे. त्याने काढलेला कतब्याचा फोटो प्रदर्शनात मधोमध होता. यझदानींच्या वाचनाच्या आधाराने ओळी लावायला आम्ही बसलो तेव्हा एका शब्दावर दोघेही अडलो. दगड झिजला आहे, नुक्ते दिसत नाहीत, फोटो दुपारचा. दगडावर खडू घासायचा नाही, तेल लावायचे नाही, हे त्याला आधीच बजावले आहे. सकाळी ऊन तिरपे असते तेव्हा कोरलेल्या अक्षरात सावली भरते आणि झिजलेलेही उठून दिसते. म्हणून पुढच्या सहलीत दर्गा नंतर, किल्ला आधी, असे ठरले आहे. पहाटेची पहिली गाडी किती वाजता सुटते ते पाहून यायला त्यालाच सांगितले आहे.